पडवीची रुंदी : कोकणातल्या एका वाचनालयाच्या इमारतीचं प्रकरण

दापोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाची ही हकीकत. गाव, संस्था आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. मापं, घटनाक्रम आणि आमच्या हातून झालेल्या चुका मात्र जशा होत्या तशाच मांडल्या आहेत. वास्तुकला शिकणाऱ्या मुलांशी बोलायला गेले की ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते’ हा प्रश्न हमखास येतो. त्या प्रश्नाचं माझं उत्तर या कामात बदललं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याचा मार शेजारच्या मंडणगड-दापोलीलाही बसला. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि हजारो घरांवरची कौलं उडाली. या वाचनालयाचं छप्पर त्याच दुपारी गेलं. समुद्र तिथून सरळ रेषेत तीनेक किलोमीटर.

संस्था जुनी, शासनमान्य, ‘ब’ वर्गातली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. वाचनालय त्याच्याही आधीपासूनचं. इमारत कोकणातल्या मोठ्या घरासारखी होती. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंती, मधे एक लांबट दालन, चारही बाजूंनी पडवी आणि वर मंगलोरी कौलं. वादळानंतर गावातल्या पोरांनी पुस्तकं शाळेत नेली आणि वर्गांमध्ये ताडपत्र्या अंथरून वाळत घातली. भिजलेली पुस्तकं उभी करून, पानं पंख्यासारखी उघडून ठेवायची, हे ग्रंथपाल काकांनी मुलांना शिकवलं. तरी बरीच गेली. जुने दिवाळी अंक तर जवळजवळ सगळेच लगदा झाले.

सप्टेंबरमध्ये मला फोन आला. माझं ऑफिस पुण्यात. तोवर मी कोकणात दोन घरं केली होती, पण सार्वजनिक इमारत एकही नाही. समितीकडे देणग्या आणि ठेवी मिळून ४५ लाख रुपये जमणार होते. मागणी साधी होती: नवीन इमारत, साधारण २,२०० चौरस फूट, आणि ‘पुन्हा कधी पुस्तकं भिजता कामा नयेत’.

अडचण

पुस्तकं भिजू नयेत, या एका वाक्यात दोन मागण्या होत्या. त्या एकमेकींच्या आड येतात, हे मला पहिल्या दोन महिन्यांत नीट उमगलं नव्हतं.

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा करतो. या झडीपासून भिंत आणि खिडकी वाचवायची तर छप्पर भिंतीच्या पुढे लांबवर आणि खाली उतरलेलं हवं. म्हणूनच कोकणातल्या जुन्या घरांना पडव्या आहेत आणि वळचणी, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडा, डोक्याला लागतील इतक्या खाली आहेत.

वादळाचं गणित उलटं आहे. वारा भिंतीवर आपटतो, वर चढतो आणि वळचणीखाली कोंडतो. तिथून तो छपराला खालून ढकलतो. त्याच वेळी छपरावरून वाहणारा वारा पाखाला, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूला, वर ओढत असतो. छप्पर जितकं बाहेर आलेलं, तितकी वाऱ्याची पकड मोठी. म्हणजे पावसाला रुंद वळचण हवी आणि वादळाला आखूड. एकाच छपराकडून दोन्ही मागून चालणार नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय डागडुजीचा. मला तो मनापासून आवडला असता. पण वायव्येच्या कोपऱ्यावर फणसाचं झाड कोसळून भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती आणि भिंतींचा दर्जा, म्हणजे दगडांमधला सांधा, मातीचा होता. वादळात छप्पर टिकायचं तर ते भिंतीला बांधलेलं हवं, त्यासाठी भिंतींच्या माथ्यावरून सलग आरसीसीचा पट्टा फिरवायला हवा, आणि त्या भिंती तो भार आणि ओढ सहन करतील असं आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना वाटेना. शाळकरी मुलं बसणार त्या इमारतीबाबत मी त्यांच्याशी हुज्जत घातली नाही.

दुसरा पर्याय समितीचा, खरं तर मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या, म्हणजे मुंबईकर मंडळाचा: दुमजली आरसीसी इमारत, सपाट स्लॅब, दर्शनी बाजूला अॅल्युमिनियमच्या चौकटीत काच. दर्शनी बाजू म्हणजे रस्त्याची बाजू, आणि रस्ता पश्चिमेला. उन्हाची तिरीप आणि पावसाची झड, दोन्ही नेमकी तिथूनच येणार. शिवाय सपाट स्लॅब कोकणात काही पावसाळ्यांतच ठिबकायला लागतो. तालुक्यात कुठेही नजर टाका, स्लॅबच्या घरांवर लोखंडी सांगाडा उभा करून वर पत्रे घातलेले दिसतील. लोकांनी आपल्या खर्चानं काढलेला तो निष्कर्ष आहे.

तिसरा पर्याय माझा, आणि त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं.

विद्यार्थिदशेत मी अहमदाबादला साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय पाहिलं होतं. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी १९६३ मध्ये पुरं केलेलं काम. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौरस, प्रत्येकावर कौलांचं छोटं चौपाखी छप्पर, विटांचे खांब, काही चौरस बंद, काही उघडे, मधे पाण्याचा हौद. कुठेही मोठेपणाचा आव नाही. त्या इमारतीत मी तासभर जमिनीवर बसून राहिले होते, आणि पुढे अनेक वर्षं मनात होतं की कधीतरी असं काही आपल्या हातून व्हावं. वाचनालयाचं काम आलं आणि मला वाटलं, हीच ती संधी. कौलं आहेत, साधेपणा आहे, सार्वजनिक वापर आहे. डिसेंबर २०२० मध्ये मी नऊ चौरसांचा आराखडा केला: नऊ छोटी छपरं, मधे तुळशीवृंदावनासारखा उघडा चौक. मॉडेल इतकं देखणं झालं होतं की ऑफिसातल्या सगळ्यांनी त्याचे फोटो काढले.

ते मॉडेल समितीपुढे ठेवलं तेव्हा गावातले सुतारकाका दाराशी उभे होते. जुन्या छपराची दुरुस्ती त्यांचे वडील करायचे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पुढे आले, दोन छपरांच्या मधल्या खाचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ताई, ह्यात आंब्याची पानं अडकली तर भर पावसात वर कोण चढणार?”

साबरमतीला छपरांच्या मधली काँक्रीटची पन्हळ तुळईचंही काम करते आणि पावसाचं पाणीही वाहून नेते. फार सुंदर युक्ती आहे ती. पण अहमदाबादेत वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास. कोकणात त्याच्या चौपट, आणि वाचनालयाच्या भोवती आंबा, फणस, रातांबा. नऊ छपरं म्हणजे मधे कितीतरी पन्हळी, सगळ्या इमारतीच्या आत, पुस्तकांच्या डोक्यावर. पानांचा बोळा बसला की पाणी खाली उतरणारच. मी छपराचा आकार उचलला होता. तो आकार कुठल्या पावसासाठी आहे, हे विचारलंच नव्हतं.

त्या रात्री मला आठवलं की कोरियांनी स्वतः मुंबईत काय केलं होतं. कंबाला हिलवरची कांचनजुंगा इमारत, १९८३ साली पुरी झालेली, २८ मजल्यांची. मुंबईत वाऱ्याची झुळूक आणि समुद्राचं दर्शन हवं तर घर पूर्व-पश्चिम उघडं हवं. पण कडक ऊन आणि पाऊसही तिकडूनच येतात. जुन्या बंगल्यांनी यावर उत्तर काढलं होतं: राहत्या खोल्यांभोवती व्हरांड्याचं वेष्टण. कोरियांनी ते वेष्टण उंच इमारतीत नेलं आणि कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरून काढल्या. अहमदाबादेतली छपरं त्यांनी मुंबईत आणली नाहीत. मी ती थेट दापोलीत नेऊन ठेवत होते.

आराखडा मागे घेते, असं मी समितीला दुसऱ्या दिवशी कळवलं. फीचा पहिला हप्ता आला होता. त्यातच नवीन आराखडा करून द्यायचं ठरलं.

दादरची बैठक

जानेवारी २०२१ मध्ये मुंबईकर मंडळाची बैठक झाली. देणगीतला मोठा वाटा त्यांचा. मी त्यांना स्लॅबचे तोटे सांगत होते, पत्र्याच्या शेडचे फोटो दाखवत होते. गिरणीत नोकरी करून निवृत्त झालेले एक आजोबा शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर ते म्हणाले, “बाई, आम्ही गळक्या कौलांखाली वाढलो. आई रात्रभर भांडी मांडत फिरायची. आता चार पैसे जमवून गावात काही उभं करतोय, तर तुम्ही आम्हाला परत कौलंच देताय.”

मला उत्तर सुचलं नाही. वास्तुकार मंडळी कौलारू घराकडे ज्या ओढीनं बघतात, त्या ओढीत गळकं छप्पर नसतं, रात्री भांडी मांडणारी आई नसते. त्या आजोबांसाठी स्लॅब म्हणजे निवांत झोप होती. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची रेघ मारायची नाही, असं मी वहीत लिहून ठेवलं. त्यातूनच पुढे एक निर्णय झाला: पुस्तकांच्या डोक्यावर स्लॅब असेल. कसा, ते तेव्हा ठरलं नव्हतं.

निर्णय कुठे वळला

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि जुन्या इमारतीवरची ताडपत्रीही घेऊन गेलं. जुलैत मी पुन्हा गावी गेले. पश्चिमेच्या पडवीवर तेवढे हंगामी पत्रे ठोकले होते आणि ग्रंथपाल काकांनी दोन कपाटं आणि एक टेबल मांडून देवघेव चालू ठेवली होती. भर पावसात पाच-सहा सभासद आले होते.

वाचनालयात चपला बाहेर काढायची रीत आहे. मी अनवाणी पडवीत शिरले आणि पायाला काहीतरी जाणवलं. कडेचा कोबा खरखरीत, खड्ड्याखड्ड्यांचा, शेवाळानं काळसर. दोन पावलं आत आल्यावर तोच कोबा एकदम गुळगुळीत, पाटीच्या दगडासारखा. मी मागे गेले, पुन्हा पुढे आले. मधली रेघ जवळजवळ सरळ होती. वर्षानुवर्षं पावसाची झड जिथपर्यंत पोचली, तिथपर्यंत तिनं कोबा खाल्ला होता. त्याच्या आत माणसांचे पाय पडत राहिले आणि त्यांनी तो घासून गुळगुळीत केला.

मी टेप काढली. पश्चिमेची पडवी ८ फूट रुंद, खरखरीत पट्टा ३ फूट २ इंच. मग दक्षिणेला गेले: पडवी साडेसहा फूट, पट्टा २ फूट. पूर्वेला ५ फूट, पट्टा जेमतेम फूटभर. उत्तरेला ४ फूट.

इथे मला माझी आधीची चूक दिसली. सप्टेंबरमध्ये मोजणी करताना घाईत मी फक्त पश्चिमेची पडवी मोजली होती आणि बाकीच्या तीन बाजू तेवढ्याच असतील असं धरून नकाशा पुरा केला होता. दहा महिने माझ्या टेबलावर चुकीचा नकाशा होता. ज्या गवंड्यानं ती इमारत बांधली, त्यानं प्रत्येक बाजूला पडवी वेगळी केली होती, जिकडून पाऊस जास्त तिकडे जास्त. त्याचं गणित जमिनीवर लिहिलेलं होतं, आणि मी ते घरात बसून समान करून टाकलं होतं.

दुसरी गोष्ट छपराची. पश्चिमेला मुख्य छपराचे वासे तसेच पुढे येऊन पडवीवर उतरले होते, एकसंध. वादळानं पडवी खालून उचलली आणि तिच्याबरोबर आढ्यापर्यंतचं सगळं पाख नेलं. पूर्वेची पडवी स्वतंत्र जोडलेली, वेगळ्या वाशांची, दीड फूट खाली. ती पडवी पार मोडली होती, पण तिच्या वरचं मुख्य पाख बहुतांश जागेवर होतं. हे मी आधीही पाहिलं होतं. वारा पश्चिमेचा, म्हणून पूर्व बाजू बचावली, असं म्हणून सोडून दिलं होतं. इंजिनिअरना पुन्हा बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजूंचे वासे, खिळे, तुटलेली टोकं तपासली आणि माझ्या मनात होतं तेच सांगितलं: पडवी वेगळी असल्याचा फायदा मोठा आहे. वादळी भागात व्हरांड्याचं छप्पर मुख्य छपरापासून तोडून बांधावं, हा जाणकारांचा जुना सल्लाच आहे.

पाऊस आणि वादळ यांच्या भांडणाचं उत्तर असं मिळालं. दोन छपरं करायची. मुख्य छप्पर आखूड वळचणीचं, भिंतीला घट्ट बांधलेलं. ते वादळाशी झुंजेल. पडवीचं छप्पर रुंद, खाली उतरलेलं, स्वतंत्र. ते पाऊस अडवेल, आणि तसंच वादळ आलं तर एकटं जाईल.

काय केलं

नवीन इमारत एकमजली. मधोमध १६ फूट बाय ३० फुटांचं ग्रंथभांडार, त्याच्यावर दहा फुटांवर आरसीसी स्लॅब. वाचनकक्ष त्याला लागून. या सगळ्यावर मिळून एक मोठं चौपाखी छप्पर. स्लॅबवर पाऊस पडतच नाही, म्हणून तो गळायचा प्रश्न नाही. छप्पर गेलंच तर पुस्तकांवर स्लॅब आहे, आणि वादळात पाच-पन्नास माणसं तिथे आसऱ्याला येऊ शकतात. आजोबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “नक्की ना?”

चौपाखी छप्पर निवडायला कारण होतं. दुपाखी छपराच्या त्रिकोणी भिंतीवर वारा सपाट आदळतो; चार बाजूंनी उतरणाऱ्या पाखांवरून तो सरकतो. वाऱ्याच्या भाराचा हिशेब इंजिनिअरनी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार केला. भिंतींच्या माथ्यावर आरसीसीचा सलग पट्टा, त्यात आधीच गाडलेले बोल्ट, त्यांना छपराचा पाइपांचा सांगाडा. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींतलं प्रत्येक कौल तारेनं रिपेला बांधलं. सुतारकाकांना आधी हे पटत नव्हतं, कारण बांधलेलं कौल फुटलं की बदलायला वेळ लागतो. शेवटी तार आतल्या बाजूनं सोडता येईल अशी गाठ त्यांनीच शोधून काढली.

पश्चिमेची पडवी जुन्या जोत्यावरच उभी केली. रुंदी ८ ऐवजी ९ फूट. जुनी वळचण साडेपाच फुटांवर होती आणि आत शिरताना वाकावं लागायचं. समितीला ते नको होतं. वळचण साडेसहा फुटांवर नेली की झड आणखी आत येणार, म्हणून फूटभर रुंदी वाढवली. दक्षिण आणि पूर्व बाजू जुन्या मापानं. पडवीला जुने ऐन-सागाचे वासे वापरले, त्यातले किडलेले काढून.

पडवीचं छप्पर मुख्य छपराच्या अडीच फूट खाली आल्यामुळे दोहोंच्या मधे भिंतीत एक पट्टा मोकळा मिळाला. जुन्या इमारतीत दालन दिवसाही अंधारं असायचं. लोक पडवीत बसून वाचत, त्याचं निम्मं कारण तेच होतं. या मोकळ्या पट्ट्यात चारही बाजूंनी लाकडी झडपा बसवल्या. उजेड वरून येऊ लागला आणि गरम हवेलाही वाट झाली.

जांभ्याबद्दल थोडं. खाणीतून काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो, उघड्या हवेत राहून कडक होतो. चिरे आम्ही दिवाळीपूर्वीच आणून रचून ठेवले. आतल्या बाजूनं जांभा उघडा ठेवला तर त्याची लाल पूड पुस्तकांवर बसत राहते, म्हणून आतून चुन्याचा गिलावा केला. बाहेरून मात्र नुसता दर्जा भरला.

पैशांचा प्रश्न

ठेकेदारांची दरपत्रकं आली तेव्हा सगळ्यात कमी रक्कम ५२ लाख होती. सात लाख कुठून तरी उतरवायचे होते. कुंपणाची भिंत गेली, फरशी साधी झाली, दारं-खिडक्या जुन्याच तासून घेतल्या. तरी साडेतीन लाख उरले. समितीनं विचारलं, एक पडवी कमी केली तर? मी मोजमापांकडे पाहिलं. उत्तरेची सगळ्यात अरुंद, तिकडून पाऊस कमी. मी होकार दिला.

हा निर्णय माझा होता आणि तो चुकला. चार फूट रुंदी म्हणजे कमी गरज, असा मी अर्थ लावला. ज्यानं पश्चिमेला आठ फूट दिले त्यानं उत्तरेला शून्य दिले नव्हते, चार दिले होते, एवढं साधं माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

निष्पत्ती

काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. मे २०२२ अखेर कौलं चढली. पहिला पाऊस रिकाम्या इमारतीवर पडू द्यायचा, पुस्तकं नंतर आणायची, असं ठरवून ठेवलं होतं. या कामातला हा एक निर्णय मी आजही तसाच घेईन.

कारण जूनमध्येच दोन गोष्टी कळल्या. पश्चिमेकडच्या वरच्या झडपांमधून पावसाचा फवारा थेट वाचनकक्षात येत होता. पडवीची वळचण खालची भिंत सांभाळत होती, पण वरच्या पट्ट्यावर मुख्य छपराची जेमतेम दीड फुटाची सावली होती. तिथल्या झडपा काढून बंद काच बसवली. बाकीच्या तीन बाजूंच्या झडपा राहिल्या. आणि उत्तरेची भिंत जुलै उजाडेपर्यंत काळी पडली. ओल आत आली, चुन्याच्या गिलाव्याला फोड आले. त्या भिंतीशी नियतकालिकांचे रॅक ठेवायचे होते. चुकून ते तसे लागलेच, आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कप्प्यांना बुरशी धरली. आता रॅक भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले आहेत, म्हणजे तेवढी जागा वाया.

ग्रंथभांडार मात्र कोरडं आहे. पहिल्या पावसाळ्यापासून आजवर तिथे ओलीचा डाग नाही. २०२२ च्या दसऱ्याला पुस्तकं परत आली.

पडवीत जे घडलं त्याचा मी विचारच केला नव्हता. गावातली आणि आसपासच्या वाड्यांतली स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी सातला येतात आणि वाचनालय उघडायच्या आधी पडवीत बसतात. जून-जुलैत, बाहेर धो धो पाऊस असताना, नऊ फुटांच्या पडवीत आतल्या भिंतीशी ओळीनं बसलेल्या त्या मुली आणि त्यांच्यापासून काही फुटांवर पडणाऱ्या पागोळ्या, हे दृश्य मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. माझ्या आजवरच्या कामातलं मला सर्वांत प्रिय असलेलं दृश्य तेच. पण पडवीत मी एकही विजेचा पॉइंट दिला नव्हता. खिडकीतून वायरी ओढून मुलं दिवा आणि मोबाइल चालवत होती, तेही ओल्या हवेत. पुढच्या मे महिन्यात वायरिंग करून घेतलं.

आजोबा उद्घाटनाला आले होते. भांडारात जाऊन त्यांनी स्लॅबकडे बराच वेळ पाहिलं. पडवीत बसून चहा घेतला. निघताना म्हणाले, समोरून काच असती तर आणखी शोभली असती. त्यांचं मत बदललेलं नाही, आणि ते बदलायला हवं असंही मला वाटत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मोजणीला मी पावसात जाईन. कोरड्या दिवसांत इमारत मोजली की भिंतींची लांबी-रुंदी मिळते; पाणी कुठून येतं, माणसं कुठे सरकून बसतात, कुठलं दार फुगून अडकतं, हे पावसातच कळतं. आता ऑफिसातल्या मुलांना सांगितलं आहे की चारही बाजू मोजल्याशिवाय नकाशावर पेन टेकवायचं नाही. आणि बांधणाऱ्यांच्या पुढच्या पिढीतलं कोणी गावात असेल तर त्यांना पहिल्याच दिवशी बोलवायचं. सुतारकाकांना मी मॉडेल तयार झाल्यावर भेटले. तीन महिने आधी भेटले असते तर नऊ छपरं कागदावरच थांबली असती.

लोखंडाच्या बाबतीत मी काटकसर केली. समुद्राची खारी हवा माहीत असूनही सांगाड्याला जस्ताचा मुलामा न देता प्रायमर आणि रंगावर भागवलं, कारण जागेवर वेल्डिंग करणं स्वस्त पडत होतं. तिसऱ्या वर्षी वेल्डिंगच्या सांध्यांवर तांबेरा दिसू लागला. आता दर उन्हाळ्यात घासून रंग द्यावा लागतो, आणि तो खर्च समितीच्या माथी आला आहे. जस्तवलेले भाग बोल्टनं जोडले असते तर सुरुवातीला दीड-दोन लाख जास्त गेले असते. तेवढे मी कुंपणासारखे दुसऱ्या कशातून तरी वाचवायला हवे होते.

साबरमतीला मी त्यानंतर पुन्हा जाऊन आले. या वेळी टेप घेऊन गेले नव्हते, पण छपरांच्या मधल्या पन्हळींखाली उभी राहून पाणी कुठून कुठे जातं ते बघत राहिले. पूर्वी इथेच तासभर बसले होते तेव्हा मान वर करून हे एकदाही पाहिलं नव्हतं. ती इमारत मला आता आधीपेक्षा जास्त आवडते.

ग्रंथपाल काका गेले तीन पावसाळे एक काम न चुकता करतात. मोठी झड येऊन गेली की पडवीत ओल जिथपर्यंत आली तिथे खडूनं रेघ मारतात, फूटपट्टीनं मोजतात आणि मला व्हॉट्सअॅपवर आकडा पाठवतात. पश्चिमेचा आजवरचा सर्वांत मोठा आकडा ३ फूट ७ इंच आहे. उत्तरेला पडवी नाही, म्हणून तिथे ते भिंतीवर ओल किती उंच चढली ते मोजतात: २ फूट ९ इंच.

यंदा समितीनं उत्तरेच्या पडवीसाठी वेगळे पैसे उभे केले आहेत. काम दिवाळीनंतर सुरू होईल. नकाशा पाठवला आहे, रुंदी ४ फूट धरली आहे.